सुट्टीचं तपासणी कार्ड

दुसरा पूल ओलांडून आम्ही कालव्याच्या काठाला लागलो, तेव्हा माझा उजवा गुडघा कुरकुरायला लागला होता. मुनी नेहमीसारखा माझ्या डावीकडून, अर्धं पाऊल पुढे. मी थांबले की तो थांबतो, पण वळून बघत नाही. सिग्नल लागल्यासारखा समोर बघत उभा राहतो. घरापासून टेकडीवरच्या पाण्याच्या टाकीपर्यंत सहा किलोमीटर जायचं, सहा यायचं. वाटेत मोठ्या पाइपलाइनीवरच्या व्हॉल्व्हची लोखंडी झाकणं लागतात. प्रत्येक झाकणावर तो बुटाचं टोक एकदा टेकवतो. आठ वर्षं बघतेय, एकही झाकण सुटलेलं नाही.

"बसतेस?" त्यानं विचारलं.

"नको. बसले तर उठायची नाही."

"बाई म्हणाल्यात, ताईंना बसू द्या. कार्डावर लिहिलंय. दुसऱ्या पुलानंतर पाच मिनिटं."

झालं. माझ्या गुडघ्याचीसुद्धा व्यवस्था मुनीच्या कारखान्यातल्या त्या बाईंनी लावून ठेवली होती.

"तुझ्या बाईंना म्हणावं, गुडघा माझा आहे."

"बरं. सांगतो," तो म्हणाला. आणि तो खरंच सांगणार, हे मला माहीत होतं.

मी मुकाट्यानं कालव्याच्या कठड्यावर बसले. कारखान्याच्या वार्षिक बंदचा तो नववा, शेवटचा दिवस होता. घरातून निघताना मी एक प्रश्न बरोबर घेऊन निघाले होते आणि तो अजून तोंडातून बाहेर पडत नव्हता. मुनीच्या सुट्टीच्या दिवसांवर आता माझा काही हक्क उरलाय की ते सगळे त्या बाईंचे झालेत, एवढंच मला विचारायचं होतं. वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी असला प्रश्न पडावा याची लाज वाटत होती, आणि विचारल्याशिवाय राहवतही नव्हतं.

मुनी माझा धाकटा भाऊ, माझ्याहून अकरा वर्षांनी लहान. पाचव्या वर्षापर्यंत तोंडातून शब्द काढला नाही म्हणून वडील मुनी म्हणायला लागले. पुढे बोलायला लागला तरी नाव चिकटलं ते चिकटलंच. शाळेत गुरुजी हट्टी म्हणायचे, नातेवाईक विक्षिप्त म्हणायचे, आई काहीच म्हणायची नाही. तो अडतीस वर्षांचा असताना एका डॉक्टरीणबाईंनी दोन तास त्याच्याशी बोलून स्वमग्नता हा शब्द सांगितला. इंग्रजीत ऑटिझम. मी कागदावर लिहून घेतला. मुनीनं तो कागद दोनदा वाचला आणि विचारलं, "म्हणजे मी मुद्दाम करत नाही?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "नाही, मुळीच नाही." त्यानं कागदाची घडी करून डब्याच्या पिशवीत ठेवली. अजून तिथेच आहे.

पाणीखात्याच्या मीटर दुरुस्तीच्या कारखान्यात तो बावीस वर्षं नोकरीला आहे. घराघरांतून काढून आणलेले पाण्याचे मीटर त्याच्या टेबलावर येतात. सहा मीटर एका ओळीत जोडायचे, कॉक उघडायचा, मापाच्या टाकीत शंभर लिटर पाणी भरू द्यायचं, कॉक बंद करायचा आणि मीटरचा काटा काय म्हणतो ते बघायचं. काटा शंभराच्या पुढे गेला तर मीटर जलद, मागे राहिला तर मंद, नाहीतर बरोबर. प्रत्येक मीटरचं एक पिवळं कार्ड असतं. आवक किती वाजता, काय काम केलं, निकाल काय, तपासणाऱ्याची सही आणि शेवटी सील लावणाऱ्याची सही. ती झाली की तो मीटर संपला.

या कामात मुनीचा हात धरणारा कुणी नाही. कारखान्यातले मोठे साहेबसुद्धा अडलं की त्याच्याकडे येतात. कठीण जाते ती सुट्टी. पूर्वी रविवारी तो साडेसहाला उठून कामाचे कपडे करायचा, डबा पिशवीत घालायचा आणि दाराजवळच्या खुर्चीत बुटांसकट बसून राहायचा, ते दिवेलागणीपर्यंत. एक वाजता कारखान्याची घंटा होते तेव्हा तो जेवतो. आमच्या घरात कसली घंटा? मग जेवायचाच नाही. एखादा रविवार फारच लांबला तर न्हाणीघरात जाऊन बादलीत पाणी भरायचा आणि दुसऱ्या बादलीत ओतायचा, तासन्‌तास. खालच्या मजल्यावरचे शिंपीकाका जिन्यातून ओरडायचे, "अहो, आमच्या छताला पाझर फुटलाय!" मी एकदा चिडून विचारलं, "अरे, सगळं जग सुट्टीची वाट बघतं, तुलाच काय होतं?" तो म्हणाला, "शंभर लिटर झाले की कॉक बंद करतो. सुट्टी कुठे बंद करायची ते कळत नाही."

मी काय काय नाही केलं! चित्रं काढायला बसवलं, नातेवाइकांकडे नेलं, देवापुढे हात जोडून माझ्याशेजारी बसवलं. बसला बिचारा, पण दाराकडे तोंड करून. शेवटी आठ वर्षांपूर्वी एका रविवारी हात धरून बाहेर काढलं आणि पाइपलाइनीच्या कडेनं चालायला लागले. चार तासांनी परत आलो तेव्हा तो जेवला. माझे तळवे सोलले होते, पण त्या दिवशी मी देवापुढे बसून रडले. तेव्हापासून नऊ ते एक हे चार तास माझे. तो बोलत नाही, मी एकटीच बडबडते, पण ते माझे. घरी आल्यावरचा उरलेला दिवस मात्र तसाच राहायचा. खुर्ची, बूट, दार.

आणि मग दहा महिन्यांपूर्वी सीलवाल्या बाई आल्या.

त्या बदली होऊन आल्या आणि मुनीच्या शेजारच्या टेबलावर बसल्या. तपासलेल्या मीटरला तार ओवायची, शिशाची गोळी लावायची, पकडीनं दाबून सील करायचं, हे त्यांचं काम. एका शनिवारी मुनीनं घरी एक पिवळं कार्ड आणलं. मीटर क्रमांकाच्या जागी लिहिलं होतं, रविवार. आवक, सकाळी सात. खाली वेळा आणि कामं. दुपारी एकला जेवण, दोनला रेडिओची धूळ पुसणे, तीनला वर्तमानपत्र मागून पुढे वाचणे, पाच वाजता बाईंना फोन करून निकाल सांगणे, आठला कार्ड बंद. खाली तपासणाऱ्याची सही, म्हणजे मुनीची. सील करणाऱ्याची सही सोमवारी.

त्या रविवारी तो खुर्चीत बसला नाही. आठ वाजता सही केली, कार्ड पिशवीत घातलं आणि गुणगुणत झोपायला गेला. भावाचं भलं झालं, मला आनंद व्हायला हवा होता. मी ते कार्ड हळूच काढून पुन्हा वाचलं. त्यात एक ओळ होती, "नऊ ते एक, चालणे, ताईंसोबत." माझी इतकी वर्षं तिनं एका ओळीत बसवली होती. वर वर्तमानपत्र आणि धूळ यांच्या पंक्तीला!

"पोटात दुखतंय का?" आमच्या ह्यांनी विचारलं. "गोळी देऊ?"

"कशाला दुखेल?"

"नाही, कार्ड वाचताना चेहरा तसा झालाय."

चार दिवसांनी मी छत्री द्यायचं निमित्त काढून कारखान्यात गेले. बाहेर लख्ख ऊन. बाई पन्नाशी उलटलेल्या, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला, हातात पकड, आणि हसणं गेटापर्यंत ऐकू येईल असं.

"या या ताई! काटेसाहेब, बघा कोण आलंय. छत्री आणलीय, पाऊस मागून येतोय वाटतं."

"काटेसाहेब कोण?" मी विचारलं.

"अहो, तुमचे बंधू! काटा एका केसानं सरकला तरी मीटर परत पाठवतात. आमचे काटेसाहेब म्हणजे आमचे काटेसाहेब."

"आमचे?" मी म्हटलं. "घरी आम्ही त्याला मुनी म्हणतो."

"म्हणा की! घरचं घरी, इथलं इथे. तुम्ही त्यांच्या ताई, म्हणजे माझ्याही ताईच."

"तुमच्यामाझ्यात दोन वर्षांचं अंतर असेल नसेल."

"मग दोन वर्षांची ताई!" बाई म्हणाल्या आणि पुन्हा तसंच हसल्या. मुनी काट्याकडे बघत होता, पण त्याच्या ओठांचा कोपरा हलला. तो कोपरा हलवायला मला महिनेच्या महिने लागतात.

मी कार्डाचा विषय काढला. कल्पना छान आहे तुमची, असं म्हटलं.

"कल्पना कसली हो! सोमवारी यायचे तेव्हा चेहरा असा, की शनिवारी कुणी कॉक उघडा टाकून गेलंय आणि पाणी वाहतंच आहे. मी विचारायची, कसा गेला रविवार? गप्प. एकदा सहज विचारलं, जलद की मंद? लगेच उत्तर. 'मंद. दुपारनंतर बंद.' मग म्हटलं, मंद मीटर आला की आपण काय करतो काटेसाहेब? म्हणाले, कार्ड भरतो. चला तर मग, भरू या!"

कसं वाटतंय रे, बरं वाटतंय का, काय होतंय, असं मी चाळीस वर्षं विचारत आले आणि तो छताकडे बघत आला. या बाईंना दोन शब्दांत सापडलं. घरी येईपर्यंत माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता. लोकांना वाटेल तसलं त्या दोघांत काही नव्हतं. असतं तर बरंच झालं असतं. भावाला बायको आली तर नणंदेला नाक मुरडायचा हक्क तरी मिळतो. मला तोही नाही. देवापुढे डोळे मिटले की बाईंचा तो पकडीवरचा हात दिसायचा. शेवटी देवाला सरळ सांगून टाकलं, या बाईचं भलं माझ्याच्यानं चिंतवत नाही, तेवढं तूच बघ.

वर्षातून एकदा कारखाना नऊ दिवस बंद असतो. टाक्या रिकाम्या करून घासतात. हे नऊ दिवस म्हणजे आमच्या घरात ग्रहण लागल्यासारखं असायचं. यंदा मुनी दहा कार्डं घेऊन आला. नऊ भरलेली, एक कोरं. "चुकलं तर," तो म्हणाला. चालणं फक्त दोन रविवारी. बाकीचे दिवस बाईंनी कुठून कुठून कामं काढून भरले होते. आणि रोज पाच वाजता फोन. पाच दिवस मी स्वयंपाकघरातून ऐकत होते. माझ्याशी दिवसाकाठी दहा वाक्यं बोलणारा माझा भाऊ फोनवर वीस-वीस मिनिटं बोलत होता.

सहाव्या दिवशी पहाटे मी ते कोरं कार्ड काढलं आणि त्या दिवसाचं कार्ड त्यावर जसंच्या तसं उतरवलं. फक्त एक शब्द बदलला. "पाच वाजता ताईला फोन." शाळेत सुंदर अक्षराचं बक्षीस मला मिळालं होतं, त्याचा असा उपयोग होईल असं गुरुजींना वाटलं नसेल. खरं कार्ड पिठाच्या डब्याखाली लपवलं. भोळेपणा बघा माझा. मी घरातच असणार, मग तो फोन करणार कुणाला? मला वाटलं, येईल माझ्याजवळ, बसेल, बोलेल.

पाच वाजले. मी शेंगा सोलत होते. फळीवरचा माझा फोन वाजला.

"हॅलो. मी बोलतोय."

"अरे, मी इथेच आहे की!"

"माहीत आहे. कार्डावर फोन लिहिलाय."

तो बाहेरच्या खोलीत खिडकीशी, माझ्याकडे पाठ करून उभा होता. मधे दार सताड उघडं. त्याचा आवाज मला एका कानात खोलीतून येत होता आणि दुसऱ्या कानात, किंचित मागून, फोनमधून.

"सातला उठलो. नऊला पंख्याची पाती पुसली. तीन पाती, दोन्ही बाजू. एकला जेवलो. तीनला ताईनं स्वयंपाकघरात डबा आपटला. दोनदा."

"आपटला नाही, पडला."

"दोनदा पडला," तो म्हणाला. मग, "आता तू विचार."

"काय विचारू?"

"जलद की मंद."

मी विचारलं, "जलद की मंद?"

"मंद. कार्ड बाईंचं नाही. त्या वाराखाली रेघ मारत नाहीत. तू मारतेस."

"सकाळीच का नाही बोललास?"

"कार्ड आलं की आधी काम करायचं. शेरा शेवटी." मग तो म्हणाला, "आता मी विचारतो. तुझा? जलद की मंद?"

"माझा काय?"

"बाई त्यांचा पण सांगतात."

माझा दिवस कसा गेला हे त्यानं उभ्या जन्मात मला विचारलं नव्हतं. मी उठले, पिठाच्या डब्याखालचं कार्ड काढलं आणि त्याच्यापुढे धरलं. "घे. कर तुझ्या बाईंना फोन."

त्यानं घड्याळ बघितलं. "पाच वाजून चौदा मिनिटं. वेळ गेली."

"काही बिघडत नाही, कर!"

"वेळ गेली," तो म्हणाला, आणि दाराजवळच्या खुर्चीत जाऊन बसला. कार्डं सुरू झाल्यापासून पहिल्यांदा. बूट घालून.

सहाच्या सुमाराला दार वाजलं. बाई. केस विस्कटलेले, श्वास लागलेला, घरातल्या चपला पायात. दोन बस बदलून आल्या होत्या.

"पाच वाजता फोन नाही. मी केला तर उचलत नाहीत. माझा जीव राहीना हो ताई."

"कार्डावर तुमचं नाव नव्हतं," मुनी खुर्चीतून म्हणाला. "फोन उचलणं पण नव्हतं."

बाईंनी टेबलावरची दोन्ही कार्डं बघितली. एक त्यांचं, एक माझं. ती ओळ वाचली. माझ्याकडे बघितलं. मी ठरवून टाकलं, आता ही ओरडणार, मग मीही ओरडणार, आणि एकदाचं मोकळं होईल. पण बाईंनी गळ्यातला चष्मा डोळ्यांवर चढवला, माझ्या अक्षरातल्या कार्डाच्या तळाशी, सीलच्या जागी, सही केली आणि म्हणाल्या, "काटेसाहेब, कार्ड बंद. उठा. ताई, चहा मिळेल का?"

मुनी उठला. बूट काढले. बाई आठपर्यंत बसल्या, ह्यांच्याशी गप्पा मारल्या, माझ्या उरलेल्या शेंगा सोलून दिल्या. मला एका शब्दानं टोकलं नाही. त्या भांडल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. आता मला जळायलासुद्धा तोंड उरलं नव्हतं, आणि तरी मी जळतच होते.

तर त्या नवव्या दिवशी कठड्यावरची माझी पाच मिनिटं संपली. मुनी म्हणाला, "झाली," आणि आम्ही पुन्हा चालायला लागलो. टेकडीचा चढ सुरू झाला. मी मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं आणि विचारलं.

"मुनी, खरं सांग. सुट्टी असली की तुला मी लागते, की त्या बाई?"

एक झाकण आलं. त्यानं बूट टेकवला. दुसरं आलं. मला वाटलं, ऐकलंच नाही.

"तू लागतेस," तो म्हणाला. "नऊ ते एक."

"एवढंच?"

"नऊ ते एक दुसरं कुणी चालत नाही."

एवढ्यावर समाधान मानणारी बाई मी नव्हते. "आणि उरलेला दिवस? तो बाईंचा ना?"

"उरलेला दिवस कार्डाचा. बाई फक्त भरतात." तो चालत राहिला. टाकीचं कुंपण दिसायला लागलं तेव्हा तो थांबला. मी थांबले नव्हते तरी तो थांबला, असं आठ वर्षांत झालं नव्हतं.

"बाईंना कार्ड नाही," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"मला रोज निकाल विचारतात. मग मी त्यांना विचारतो. आठ दिवस झाले. सात मंद. एक बरोबर."

"कुठला बरोबर?"

"सहावा. आपल्याकडे आल्या तो."

मी कुंपणाची तार धरली. म्हटलं, दम खाते जरा. दम लागला नव्हता.

"घरी कुणी नाही त्यांच्या," मुनी म्हणाला. तो माझ्याकडे नाही, टाकीकडे बघत होता. "सुट्टीला त्या माझं कार्ड भरतात. ते भरून झालं की त्यांना काम नाही. मग पाच वाजेपर्यंत बसतात. मी त्यांचं भरायला घेतलं होतं. मला जमत नाही. पंखा, रेडिओ, वर्तमानपत्र, एवढंच सुचतं. मोठ्या बायकांना सुट्टीत काय लागतं ते मला माहीत नाही."

"मला तरी कुठे माहीत आहे?" मी म्हटलं. आवाज माझा मलाच रागीट वाटला.

त्यानं शर्टाच्या खिशातून एक पिवळं कार्ड काढलं. कोरं. कारखाना बंद, मग कुठून मिळवलं कोण जाणे. मीटर क्रमांकाच्या जागी त्यानं आधीच लिहिलं होतं, "रविवार, बाईंचा." त्यानं ते माझ्या हातात दिलं, पेनही दिलं. मग डोळे टाकीवरून काढून थेट माझ्या चेहऱ्यावर ठेवले. असं तो फार क्वचित करतो. त्याला त्रास होतो.

"ताई," तो म्हणाला, "हे तू भरशील? उद्या सकाळी द्यायचंय. पाचचा फोन तुला येईल असं लिही. आणि नऊ ते एकच्या ओळीत चालणे लिही, आपल्यासोबत."